पानिपतहून पदर

मथुरा सुटल्यावर खिडकीबाहेर काहीच उरलं नाही. शेत नाही, झाड नाही, रुळाशेजारची घरं नाहीत. सगळं पांढरं. मी मिरजेची बाई. आमच्याकडे धुकं म्हणजे पहाटे नदीवर येऊन ऊन पडायच्या आत निघून जाणारा पाहुणा. इथे सकाळ केव्हाच उलटून गेली होती तरी डब्यात दिवे लागलेले होते. समोरच्या बाकावरचे सरदारजी म्हणाले, "कोहरा है जी. लोहडी तक ऐसे ही समझो." कोहरा म्हणजे धुकं एवढं हिंदी मला येतं, पण धुक्यासाठी माणसं संक्रांतीलगतच्या सणाची मुदत देतात हे नवीन होतं. गाडी थांबे, सरके, पुन्हा थांबे. एकदा थांबली तेव्हा खिडकीच्या अगदी जवळ कुणीतरी खोकलं. मी वाकून पाहिलं. बाहेर माणूस दिसला नाही. सरदारजींनी शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि झोपून गेले.

निजामुद्दीन स्टेशनवर वृंदा घ्यायला आली होती. वृंदा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरी करते, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. नवरा बदलीवर गुवाहाटीला, घरात ती आणि चौदा वर्षांची ईशा. सुट्टीच्या दिवशी वृंदा भोगल नावाच्या वस्तीतल्या एका छोट्या वर्गात जाऊन निर्वासित मुलांना शिकवते. गेली दोन वर्षं तिचा एकच घोशा होता, "मावशी, तू ये. तुझा जन्म बालवाडीत गेलाय. आमच्या मुलांना एकदा बघ." मी म्हणायची, येते, येते. या खेपेला तिने तिकीटच काढून पाठवलं. फलाटावर आधी तिची हाक आली आणि बऱ्याच वेळाने धुक्यातून ती स्वतः बाहेर आली.

घरी पोचून चहाचा कप हातात घेतला तोच ईशा ओरडली, "मावशीआजी, तुमचा पल्लू चहात गेला!"

"पल्लू नव्हे गं, पदर."

"पदर? ते काय असतं?"

मी कपाळावर हात मारला. वृंदा ओशाळून म्हणाली, "अगं, ती ऐकणार कुणाकडून? शाळेत हिंदी, मैत्रिणींत हिंदी, आणि मी घरी येऊन बोलते ते निम्मं ऑफिसचं." पण मी कसली ऐकते. तिथल्या तिथे शाळा भरवली. पदर खोचून कामाला लागायचं असतं, कुणापुढे तो पसरायची वेळ येऊ नये, चूक झाली तर पदरात घ्यावी, आणि वाट्याला आलं ते पदरी पडलं पवित्र झालं म्हणावं. ईशाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बापरे, एका कपड्याला एवढी ड्यूटी?" मला हसू आलं, पण मनातून वाईटही वाटलं. आपल्या घरची मुलगी, आणि तिला पदर ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भोगलला गेलो. बसमधून उतरून गल्लीत शिरलं की आधी भाजलेल्या रोट्यांचा वास येतो. हातभर लांबीच्या अफगाणी रोट्या तंदुरातून काढून दुकानात उभ्या रचून ठेवलेल्या. पाट्या फारसी लिपीत. औषधांची दुकानं, पैसे बदलून देणारे, सुक्या मेव्याच्या गोण्या. त्या धुक्यात माणसं कमरेच्या वर दिसत आणि खाली विरून जात. काबूल पुन्हा तालिबानच्या हातात गेलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. जी कुटुंबं त्याच्या आगेमागे निघून आली त्यांतली बरीच या गल्ल्यांतून राहत होती.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मला काहीतरी खटकत होतं आणि दारात पोचेपर्यंत ते उमगलं नाही. मुलांनी भरलेल्या खोलीचा आवाज मला भिंतीपलीकडून ओळखू येतो. इथे आवाजच नव्हता. आत पाहते तर वीसेक मुलं. कुणी ठोकळे रचतंय, कुणी रंगवतंय, दोघं चेंडू खेळतायत. चेंडू खेळतायत पण चेंडू जमिनीवर आपटू देत नाहीत. एकाच्या तळव्यातून दुसऱ्याच्या तळव्यात, अलगद. एकाचा ठोकळ्यांचा मनोरा ढासळायला लागला तर शेजारच्या मुलीने दोन्ही हात पुढे करून ठोकळे झेलले. मुलं हसत होती, पण हसण्याला आवाज नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली. डोळ्याचं पातं लवायच्या आत खोली रिकामी. सगळी मुलं बाकांखाली. किंकाळी नाही, रडणं नाही, ढकलाढकली नाही. मोठ्यांनी लहानांच्या तोंडावर हात ठेवलेले. थोड्या वेळाने एकेक जण बाहेर आलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात रंगवायला लागलं.

"आज पडोसवालों ने जल्दी चढा दिया," असं म्हणत एक बाई पुढे आल्या. "हम बच्चों को पहले से बता देते हैं कि सीटी बजेगी." या रुबीना. मूळच्या दिल्लीच्या, पन्नाशीच्या, गळ्यात लोकरी मफलर. मुलांच्या मनाचे डॉक्टर असतात त्यांच्या हाताखाली शिकून त्या या वर्गात मुलांचं बघत. मी म्हटलं, "इतनी शांत बच्चे मैंने कभी नहीं देखा." माझं हिंदी हे असं. त्या हसल्या नाहीत. "शांत नहीं हैं, दीदी. छुपे हुए हैं. घर छोडते वक्त सिखाया गया था कि आवाज मत करना. किसी ने आकर बताया नहीं कि अब कर सकते हो."

दाराजवळ भिंतीला पाठ लावून एक मुलगी बसली होती. सात वर्षांची असावी. ती काहीच करत नव्हती, दाराकडे बघत होती. मी नाव विचारलं. रुबीनांनी सांगितलं, "मरवा."

मरवा! मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. आमच्या अंगणात मरवा आहे, गजऱ्यात घालतो आम्ही. मी तिला ते सगळं सांगितलं, वासासकट. तिने माझ्याकडे पाहिलं, पण डोळ्यांत नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या मागे, वर, जिथे एखाद्या उंच माणसाचा चेहरा यावा तिथे. मी नकळत मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

रुबीनांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. मरवाची आई शकीला हिच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी मायलेकी दिल्लीला आल्या. वडील विमानतळावर सोडायला आले होते, मागून येणार होते. मग काबूल पडलं. त्यांचा फोन लागेना. पुढे केव्हातरी एका नातलगाकडून शकीलाला निरोप आला की ते मारले गेले. तो निरोप तिने मुलीला सांगितलाच नाही. आणि त्याच सुमारास मुलीने बोलणं टाकलं. "गला ठीक है, कान ठीक हैं. नींद में बोलती है. जागते हुए एक लफ्ज नहीं, साल होने को आया. मैं मां से कहती हूं, बता दो. वो कहती है, अभी नहीं. दीदी, जिस बच्चे को कोई कुछ नहीं बताता वो खुद बना लेता है. और जो वो बनाता है, वो सच से ज्यादा डरावना होता है."

वर्ग सुटल्यावर मरवाला न्यायला आलेल्या शकीलाने आम्हाला चहाला नेलं. नाही म्हणायची सोय नव्हती, ती माझा हात धरूनच निघाली. जवळच एका इमारतीत सगळ्यात वरची एक खोली. दाराबाहेर पुरुषाचे जड काळे बूट ठेवलेले. मी वृंदाला हळूच विचारलं, "घरात कोण आहे?" ती कुजबुजली, "कोणी नाही गं. जुन्या बाजारातून आणलेत. एकटी बाई राहते हे लोकांना कळू नये म्हणून." शहाणपणाची गोष्ट होती. पण बुटांना नुकतंच पॉलिश केलेलं होतं, आणि त्यांची टोकं आतल्या बाजूला होती.

खोलीत भिंतीच्या कडेने गाद्या अंथरलेल्या. त्यांना तोशक (बसायची जाड गादी) म्हणतात. मी खिडकीजवळच्या तोशकवर टेकणार तोच मरवा मधे येऊन उभी राहिली. ढकललं नाही, नुसती उभी. मी दुसरीकडे बसले. सगळ्या खोलीत ती चवड्यांवर चालत होती, आजारी माणूस झोपलं असताना आपण चालतो तशी. शकीलाने हिरवा चहा ओतला. आम्ही चौघी, आणि कप पाच. पाचवा कप मरवाने दोन्ही हातांनी उचलून त्या रिकाम्या तोशकसमोर ठेवला. शकीला खाली बघत राहिली. त्या कपातून वाफ येत होती. आम्ही सगळ्या त्या कपाकडे न बघण्याची खटपट करत होतो. पुढे बोलानी (बटाटा आणि पात भरलेली पातळ पोळी) आली, खाणं झालं, आणि मी पुन्हा पाहिलं तर कप रिकामा होता. कुणी प्यायल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

आणखी बोलान्या भाजायला शकीला गच्चीवरच्या शेगडीकडे गेली. वृंदाला ऑफिसचा फोन आला म्हणून ती जिन्यात. खोलीत मी आणि मरवा. तिचे हात गारठून जांभळे पडले होते. मी जवळ बोलावलं, ती आली. तिचे दोन्ही हात माझ्या पदरात गुंडाळले आणि चोळत बसले. बालवाडीत थंडीच्या दिवसांत मी किती मुलांचे हात असे चोळले असतील. ती खाली वाकून पदर बघत होती. मग तिने मान वर केली, माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली,

"पदर."

माझा कानांवर विश्वास बसेना. साल होने को आया, म्हणाल्या होत्या रुबीना. आणि आज शब्द फुटला, तोही मराठी! वृंदाकडून ऐकला असणार. आमच्या घरच्या पोरीला जो येत नाही तो शब्द काबूलच्या या लेकराने उचलला. मला आकाश ठेंगणं झालं.

"हां हां, पदर!" मी म्हटलं. "तेरे को पदर चाहिए?"

तिने होकाराची मान हलवली.

"मैं लाएगी! कल मैं पानिपत जाने वाली है. पानिपत से तेरे लिए मस्त पदर लाएगी. पक्का!"

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघायला लागली, आणि बघतच राहिली. सात वर्षांच्या मुलीची नजर एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं. मी आपली त्याला आनंद समजले.

जिना उतरताना वृंदाला सांगितलं, "अगं, पोरगी बोलली! साडीचा पदर मागितला." वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिथूनच रुबीनांना फोन लावला. तो लागला नाही म्हणून हिंदीत निरोप लिहून पाठवला. काय लिहिलं ते तिने मला वाचूनही दाखवलं: मरवा बोली, मौसी से साडी का पल्लू मांगा.

पानिपतला मी आणि ईशा गेलो, आगगाडीने. मराठी माणूस दिल्लीला येतो आणि पानिपत बघायचं म्हणतो, यात बाकीच्यांना काय गंमत वाटते कोण जाणे. ईशाने आधीच विचारलं होतं, "आपण हरलो ना तिथे? मग बघायचं काय?" मी म्हटलं, हरलो म्हणूनच बघायचं. काला आंब नावाच्या जागी स्मारक आहे. धुकं इतकं, की स्तंभाची फक्त खालची पायरी दिसत होती. आम्ही दोघीच होतो. मी हात जोडून उभी राहिले, आणि पाठीमागे बरीच माणसं गप्प उभी असावीत असं सारखं वाटत राहिलं. ईशाने माझा हात धरला. चौदा वर्षांची मुलगी एरवी धरत नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर एक म्हातारे बाबा शेकत बसले होते. आम्ही महाराष्ट्रातल्या म्हटल्यावर सरसावून बसले. "हमारे बडे भी उधर के ही थे. लडाई के बाद इधर ही रह गए." या मुलखात असं सांगणारी घराणी बरीच आहेत. मी विचारलं, "वापस नहीं गए?"

"कौन ले जाता? बाट देखते रहे. लेने कोई आया ही नहीं."

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि आमच्यासाठी चहा मागवला. ईशा माझ्या कानात म्हणाली, "मावशीआजी, हे कधीचं बोलतायत?"

पदर घ्यायचा तर हातमागाचा घ्यावा म्हणून विचारत विचारत निघालो आणि रस्ता चुकून भलत्याच अंगणात शिरलो. तिथे कपड्यांचे डोंगर होते. परदेशांतून टाकून दिलेले जुने कपडे पानिपतला येतात, त्यांची चिंधी करून पुन्हा सूत काढतात, त्याच्या घोंगड्या होतात. धुक्यात ओळीने बायका बसल्या होत्या आणि विळीसारख्या उभ्या पात्यावर कपडे कापत होत्या. बटणं एकीकडे, बाह्या एकीकडे. नुसत्या बाह्यांचा एक ढीग माझ्या डोक्याहून उंच. त्याच्या पलीकडे लहान मुलांचे स्वेटर, शेकडो, काहींची गुंडी अजून लावलेली. मी विचारलं, "ये सब किसका है?" एक बाई मान वर न करता म्हणाली, "किसी का नहीं जी, उतरे हुए कपडे हैं." तिथे थांबवेना. ईशाला ओढतच बाहेर काढलं.

पुढे एका दुकानात मनासारखं कापड मिळालं. लाल, पिवळ्या काठाचं. दुकानदाराने "बच्ची के नाप का" म्हणत कापून दिलं. ईशा म्हणाली, "मिनी पल्लू!" मी डोळे वटारले तशी हसून म्हणाली, "हां बाबा, पदर."

दुसऱ्या दिवशी वृंदाला सुट्टी होती. आम्ही भोगलला गेलो तेव्हा धुकं जरासुद्धा हललेलं नव्हतं. मी पिशवी छातीशी धरून वृंदाच्या पुढे शकीलाच्या इमारतीचा जिना चढत होते. वरच्या वळणावर मरवा उभी होती. निळा झगा, नवे मोजे, केस पाण्याने चापून बसवलेले. मी म्हटलं, "देख, लाई मैं!" तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या बाजूने खाली उतरली, वृंदाच्या बाजूने उतरली, खालच्या वळणावर वाकून पाहिलं. मग आणखी खाली. रस्त्याच्या दारापर्यंत जाऊन धुक्यात उभी राहिली. थोड्या वेळाने वर आली आणि पुन्हा माझ्या खांद्यामागे बघायला लागली.

मी कापड उलगडून तिच्यापुढे धरलं. "पदर! पानिपत का!"

तिने कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काहीच कळलं नव्हतं आणि मलाही.

दारात शकीला आली. तिने डोळ्यांत काजळ घातलं होतं. मागे जमिनीवर दस्तरखान (जेवायला अंथरायचं कापड) पसरलेलं आणि त्यावर भात, मटण, मनुका, चार माणसांना पुरून उरेल एवढं. तिने विचारलं, "आप अकेली आईं?"

"म्हणजे? वृंदा है ना."

"परसों से मेरी बेटी बोल रही है," ती म्हणाली. "साल बाद. पहले एक बात, फिर वही बात, सारा दिन. बोलती है, खाला (मावशी) ने पक्का बोला, पदर आ रहा है. पानिपत से ला रही है." मग वृंदाकडे वळून, "मैंने सोचा, आप सरकार में हैं. शायद वो खबर गलत थी. शायद आपको मालूम है, वो किसी कैंप में है, पानिपत में. मैंने सोचा, इसीलिए इसको बताया, मुझे नहीं बताया, कि मैं बीमार हूं..."

"पदर?" वृंदाने विचारलं. "पदर मतलब?"

"पदर," शकीला म्हणाली. "बाप. हमारी जबान में बाप."

मी जिन्यातच बसले. मुलीने मला विचारलं होतं, बाप. मी म्हटलं, हो हो, बाप! तुला बाप हवाय? आणते. छानसा आणते. पानिपतहून. त्या दोन दिवसांत ती इथे बसून बूट पुसत होती आणि मी दुकानात काठाचा रंग निवडत होते. आणि नुसती तीच नाही. हिची आईसुद्धा काजळ घालून बसली होती. ज्या बाईला नवरा गेल्याचं ठाऊक आहे तिला मी दोन दिवस सौभाग्यवती करून ठेवलं. असली लाज मला जन्मात वाटली नव्हती.

वृंदाने रुबीनांना बोलावून घेतलं. त्या दोन गल्ल्या पलीकडूनच धापा टाकत आल्या. सगळं ऐकलं, डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं रागावतील. त्या खाली बसून इतकंच म्हणाल्या, "दीदी, अब इसको कोई और कहानी मत दीजिए. वादा आपने किया है, तो पहले आप ही बोलेंगी. उसके बाद मां."

मी मरवाला जवळ बोलावलं. ती आली नाही, पण उभी राहिली. मी माझा पदर हातात धरला. "बेटा, मेरी जबान में इसको पदर बोलते हैं. इस कपडे को. तू बोली पदर, मैं समझी तुझे ये चाहिए. मैं गलत समझी. मैं तेरे अब्बा को नहीं ला सकती. मुझे नहीं मालूम वो कहां हैं. मैंने उनको कभी देखा नहीं."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने आईकडे पाहिलं. शकीलाने दाराच्या चौकटीला धरलं होतं. मला वाटलं, आता ही पुन्हा अभी नहीं म्हणणार आणि मुलगी पुन्हा भिंतीला पाठ लावून बसणार, कदाचित कायमची. जिन्यात कुणीच हलत नव्हतं. माझ्या खांद्यामागची ती जागा मला पाठीवर जाणवत होती, आणि वळून बघायची माझी हिंमत नव्हती.

शकीला हळूहळू खाली बसली. मुलीचे दोन्ही हात धरून तिच्या भाषेत बोलायला लागली. मला त्यातला एकच शब्द कळत होता, पदर. तो पुन्हा पुन्हा येत होता. ती फार वेळ बोलली नाही.

मग मरवा ओरडली. मी मुलांची रडणी खूप ऐकली आहेत, पण हे वेगळं. तो आवाज जिनाभर खाली गेला आणि वर आला. खालच्या मजल्यावरची दारं उघडली, माणसं धावत आली. मी पुढे झाले तशी रुबीनांनी मला हाताने अडवलं. "रोने दीजिए. ये आवाज साल भर से अंदर थी." शकीला मुलीला कवटाळून डुलत होती आणि आता तीही मोठ्याने रडत होती. तिने हे वर्षभर एकटीने, आवाज न करता केलेलं असणार. आम्ही निघालो तेव्हा रडता रडता तिने मान वर करून विचारलं, "चाय?" ते ऐकून मला रडू आवरेना.

पुढचे चार दिवस वृंदाने मला दिल्ली दाखवली. किल्ले पाहिले, थडगी पाहिली, छोले भटुरे खाल्ले, मेट्रोत ईशाने माझे फोटो काढले. माझं मन कशातच नव्हतं. कुठेही दाराशी लहान मूल उभं दिसलं की पाय थबकत. रुबीनांना फोन केला तर म्हणाल्या, मरवाला ताप आहे, आईला सोडत नाही, सारखे प्रश्न विचारते. कुठे पुरलं, कुणी पुरलं, थंडी असेल का. मी विचारलं, "ये अच्छा है या बुरा?" त्या म्हणाल्या, "अभी नहीं पता. पर पूछ रही है. पहले पूछती नहीं थी." भेटायला येऊ का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनीच सांगितलं, आत्ता नको. मी न भेटताच निघाले. निजामुद्दीनला गाडीत बसले तेव्हा त्या गल्ल्या स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर होत्या. धुक्यात त्या दिशेला काहीच दिसत नव्हतं.

मिरजेला उतरले तर लख्ख ऊन. आठवडाभर माणसं विचारत होती, काय काय पाहिलं? मी धुक्याचं सांगायची, छोल्यांचं सांगायची. आपण प्रवासाला जातो ते काही बघायला जातो असं मानतो. मला तिथे एकच गोष्ट शिकायला मिळाली. कुणी आपला शब्द उच्चारला की तो आपलाच आहे असं धरून चालू नये, आणि लहान मुलाला पक्का म्हणण्याआधी त्याने काय मागितलंय हे दोनदा विचारावं. एवढं मला बालवाडीत इतकी वर्षं काढून आधीच कळायला हवं होतं. पहिल्या दिवशी आंघोळ करून साडी नेसायला घेतली आणि पदर खांद्यावर टाकताना तो शब्द मनातल्या मनातसुद्धा म्हणवेना.

लोहडी होऊन गेल्यावर एके दुपारी रुबीनांचा फोन आला. पलीकडे इतका गोंगाट, की आधी मला वाटलं त्या बाजारातून बोलतायत. चेंडू आपटत होता. कुणीतरी कुणावर तरी चिडून ओरडत होतं. "सुन रही हैं?" रुबीना म्हणाल्या. "मरवा आठ दिन से क्लास में आ रही है. सबसे लडती है. इसने शुरू किया, अब सब चिल्लाते हैं, पडोसवाले शिकायत लेकर आए थे." आणि मग, "लीजिए, ये आपसे कुछ कहना चाहती है. सुबह से जिद कर रही है."

फोन हातोहात गेला. श्वास ऐकू आला. मग एक घोगरा, जाडसर आवाज. मी तो नीट असा पहिल्यांदाच ऐकत होते.

"खाला."

"हां बेटा. बोल."

"आप पानिपत में मत ढूंढना. अम्मी ने बोला, वहां नहीं है."

तिकडे माझ्याच काळजीने कुणीतरी थांबून राहिलं होतं.

"ठीक?" तिने विचारलं.

"ठीक," मी म्हटलं. "नहीं ढूंढूंगी."

"पक्का?"

मी पदर तोंडाशी धरला. म्हटलं, पक्का.